कोळशातलं चुंबकत्व नेमकं कुणाचं?

पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात पेन-पेन्सिलच्या ०.५ मिलिमीटरच्या लीडची डबी मिळते. पसोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांमधून नियोडिमियमचे चार छोटे चौकोनी चुंबक आणा. ते एकमेकांना जोडून चौकट करा, पण शेजारशेजारचे ध्रुव उलटसुलट यायला हवेत : एकाचा उत्तर वर, तर त्याच्या शेजाऱ्याचा दक्षिण वर. आता लीडचा सेंटिमीटरभर तुकडा मधोमध अलगद सोडा. लीड चांगल्या प्रतीची असेल तर ती चुंबकाला टेकत नाही. केसभर उंचीवर तरंगत राहते आणि फुंकर मारली की डोलते.

ही लीड बनवताना ग्रॅफाइटची पूड एखाद्या पॉलिमरमध्ये मळतात, तिची काडी ओढतात आणि हवा न लागू देता सुमारे १००० अंश सेल्सिअसला भाजतात. त्यात पॉलिमरचाही कार्बन होतो. सेंद्रिय पदार्थ तापवून केलेला कार्बन असा प्रत्येक शाळकरी मुलाच्या कंपासपेटीत पडलेला असतो. सह्याद्रीत कोळशाच्या भट्ट्या लावणारे कातकरी पिढ्यानपिढ्या हेच करत आले : लाकूड रचायचं, मातीनं लिंपायचं, हवा कोंडायची आणि आच द्यायची. पाणी, वायू, डांबर निघून जातं आणि कार्बन उरतो.

या कार्बनला चुंबक लावला तर काय होतं, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. उत्तर ठरतं तापमानावर. ५५० अंशांना भाजलेला कोळसा एक सांगतो, ३००० अंशांना भाजलेला दुसरंच. तिसरं एक उत्तर आहे, ज्याच्या मागे लागून भल्याभल्या प्रयोगशाळा तोंडघशी पडल्या. त्याच्याकडे शेवटी येऊ.

तरंगणाऱ्या लीडमागे आहे प्रतिचुंबकत्व. बाहेरून चुंबकीय क्षेत्र आलं की पदार्थातले इलेक्ट्रॉन त्याला विरोध होईल अशा रीतीनं फिरू लागतात आणि पदार्थ चुंबकापासून किंचित दूर ढकलला जातो. खरं गणित क्वांटमचं आहे, पण एवढं चित्र पुरे. पाणी, तांबं, लाकूड, आपलं शरीर, सगळ्यांत हे घडतं. फक्त इतकं क्षीण की जाणवत नाही. ग्रॅफाइटमध्ये कार्बनच्या षटकोनांचे एक अणू जाडीचे पत्रे एकावर एक रचलेले असतात. प्रत्येक अणूचे तीन इलेक्ट्रॉन शेजाऱ्यांशी बंध करण्यात गुंततात आणि चौथा पत्र्यावर मोकळा फिरतो. पत्र्याला लंब असं क्षेत्र लावलं की या मोकळ्या इलेक्ट्रॉनांना ऐसपैस मैदान मिळतं आणि विरोधही तेवढाच दांडगा होतो. क्षेत्र पत्र्याला समांतर असेल तर जवळजवळ काहीच घडत नाही. दोन दिशांतला हा फरक चाळीसेक पटींचा आहे.

हे मोजणाऱ्यांत एक नाव आपल्याकडचं आहे. रामन परिणामाच्या शोधात १९२८ मध्ये रामन यांच्या बरोबरीनं राबलेले के. एस. कृष्णन यांनी पुढे स्फटिकांचं चुंबकत्व वेगवेगळ्या दिशांनी मोजण्याच्या नाजूक पद्धती बसवल्या. १९४१ मध्ये एन. गांगुली आणि कृष्णन यांनी ग्रॅफाइटमधल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या चुंबकत्वावर लिहिलेला शोधनिबंध रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. ग्रॅफाइट इतकं प्रतिचुंबकीय का, याचं नीट गणित मॅक्लूर यांनी मांडलं ते १९५६ मध्ये. म्हणजे मोजमाप आधी आणि सिद्धांत पंधरा वर्षांनी. कृष्णन यांचं नाव आपण रामन यांच्या सावलीतच घेतो. ग्रॅफाइटवरचं त्यांचं काम इतकं मोलाचं आहे की हा त्यांच्यावर अन्यायच आहे.

यातला सर्वांत तरबेज नमुना म्हणजे पायरोलिटिक ग्रॅफाइट. मिथेनसारखा सेंद्रिय वायू २००० अंशांच्या आसपास तापलेल्या पृष्ठभागावरून सोडतात. रेणू फुटतात, हायड्रोजन उडून जातो आणि कार्बनचे थर एकाच दिशेनं बसत जातात. पत्र्याला लंब दिशेत याचं प्रतिचुंबकत्व पाण्याच्या चाळीस-पन्नास पट असतं. प्रतिचुंबकत्वासाठी प्रसिद्ध असलेल्या बिस्मथलाही ते मागे टाकतं. पाण्यानं भरलेला जिवंत बेडूक तरंगवायला आंद्रे गाइम यांना १९९७ मध्ये नेदरलँड्समधल्या नायमेखेन इथे १६ टेस्लाचं अवाढव्य चुंबक लागलं होतं. पायरोलिटिक ग्रॅफाइटच्या चकतीला पसोड्या विठोबाचे चार चुंबक पुरतात. हेच गाइम पुढे ग्राफीनसाठी, म्हणजे ग्रॅफाइटच्या सुट्या एका पत्र्यासाठी, २०१० चं नोबेल घेऊन गेले. या गोष्टीत ते आणखी एकदा भेटतील.

आता कोणी म्हणेल, मग साखर ३००० अंशांना भाजली तर तीही अशीच तरंगेल का? नाही, आणि यामागचं कारण रोझालिंड फ्रँकलिन यांनी शोधलं. डीएनएच्या क्ष-किरण छायाचित्रासाठी त्यांना सगळे ओळखतात. त्याआधी त्या कोळशावर काम करत होत्या. १९५१ मध्ये त्यांनी दाखवलं की कार्बनच्या दोन जाती आहेत. काही पदार्थांचा कार्बन तापवत नेला की त्याचे तुकडे वळून एकमेकांना समांतर होतात आणि अखेरीस ग्रॅफाइट बनतं. काहींचा मात्र कितीही तापवा, आडवातिडवा अडकलेलाच राहतो. पीव्हीसी पहिल्या जातीचा. त्याचा जवळचा भाऊबंद पॉलिव्हिनिलिडीन क्लोराइड दुसऱ्या जातीचा, आणि साखरेचा कोळसाही. फरक पडतो तो सुरुवातीलाच. तापताना पदार्थ वितळून पातळ झाला, तर पत्र्यांना वळायला वाव मिळतो. आधीच आडवे बंध तयार होऊन तो घट्ट झाला, तर रचना कायमची गोठते. मोठे सलग पत्रे नसतील तर इलेक्ट्रॉनांना मैदान नाही, आणि मैदान नाही तर दांडगं प्रतिचुंबकत्वही नाही. एखाद्या कार्बनचं प्रतिचुंबकत्व मोजलं की त्यातले पत्रे किती वाढलेत याचा अंदाज बांधता येतो तो यामुळेच.

आता भट्टी खाली आणू. ३००० अंश सोडून ५००-६०० वर येऊ, कारण माझ्या मते खरी गंमत इथे आहे.

रेणूंमध्ये इलेक्ट्रॉन जोडीनं राहतात. फुगडी घालणाऱ्या दोघींसारखे, एकीचा तोल दुसरीनं सांभाळलेला. प्रत्येक इलेक्ट्रॉनला अंगचंच एक सूक्ष्म चुंबकत्व असतं, त्यामागच्या गुणाला स्पिन म्हणतात. जोडीतल्या एकाचा स्पिन वर, दुसऱ्याचा खाली, म्हणून एकंदर चुंबकत्व शून्य. पदार्थ ४०० अंशांच्या पुढे तापला की बंध तटातटा तुटू लागतात. हायड्रोजन, मिथेन, डांबराचे रेणू सुटून जातात आणि मागे उरलेल्या तुकड्यावर जोडीदार गमावलेला इलेक्ट्रॉन राहतो. द्रवात असे दोन तुकडे भेटले असते आणि जोडी पुन्हा जमली असती. इथे तोवर सगळं घट्ट झालेलं असतं. शिवाय तो एकटा इलेक्ट्रॉन शेजारच्या अनेक षटकोनांवर पसरून बऱ्यापैकी सुखात राहतो, त्यामुळे वर्षानुवर्षं टिकतो. असा प्रत्येक इलेक्ट्रॉन हा एक सूक्ष्म चुंबक. चुंबकीय क्षेत्रात ते सगळे किंचित त्या दिशेला झुकतात. याला समचुंबकत्व म्हणतात.

इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स, म्हणजे ईएसआर, हे तंत्र १९४४ मध्ये झावोइस्की यांनी शोधलं. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या नमुन्यावर सूक्ष्मलहरी सोडायच्या आणि बिनजोडीचे इलेक्ट्रॉन त्यातली नेमकी कोणती लहर शोषतात ते पाहायचं. दहा वर्षांनी, १९५४ मध्ये, ब्रिटन आणि फ्रान्समध्ये वेगवेगळ्या गटांना कोळशात ठसठशीत ईएसआर संकेत सापडला. मग एकामागून एक पदार्थ भाजून पाहिले गेले. साखर, सेल्युलोज, पॉलिमर, दगडी कोळसा, काहीही घ्या, ५०० ते ६०० अंशांच्या आसपास बिनजोडीच्या इलेक्ट्रॉनांची संख्या शिखर गाठते. एका ग्रॅमला सुमारे १०^२० इथवर ती जाते.

हा आकडा ऐकायला प्रचंड वाटतो, म्हणून भागाकार करू. १ ग्रॅम कार्बनमध्ये साधारण ५ × १०^२२ अणू असतात. म्हणजे ५०० अणूंमागे एक बिनजोडीचा इलेक्ट्रॉन. खोलीच्या तापमानाला उष्णतेच्या धक्क्यांनी हे एकांडे सारखे उलटेपालटे होत राहतात. १ टेस्लाचं क्षेत्र लावलं तरी हजारात दोनाएवढंच झुकतं माप मिळतं. परिणामी लोखंड नसलेला कोळसा, एवढे एकांडे इलेक्ट्रॉन पोटात असूनही, खोलीच्या तापमानाला एकंदरीत चुंबकापासून दूरच ढकलला जातो. प्रतिचुंबकत्व त्यांना पुरून उरतं. खूप थंड केला की धक्के कमी होतात, समचुंबकत्व वाढतं आणि पारडं फिरतं.

७०० अंशांच्या पुढे उरलासुरला हायड्रोजन जातो, षटकोन एकमेकांत मिसळतात, इलेक्ट्रॉन जागा सोडून वाहू लागतात आणि ईएसआरचा रेखीव संकेत पसरट होत हरवतो. त्याच सुमारास विद्युतवहन सुरू होतं. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, डॉ. सतीशचंद्र ओगले यांच्या गटानं २०१३ मध्ये झाडांच्या वाळक्या पानांपासून सुपरकपॅसिटर या वीज साठवणाऱ्या साधनासाठी कार्बन बनवला, तो १००० अंशांना. विजेसाठी कार्बन हवा तर एवढी आच द्यावी लागते. स्पिनसाठी हवा तर निम्म्यावर थांबावं लागतं. पालापाचोळा तोच, भट्टीचा काटा कुठे थांबवला यावर सगळं.

कोळशाच्या ईएसआर संकेताची एक खोड आहे. हवेत तो दबतो; नळीतली हवा काढून घेतली की पुन्हा उठतो. ऑक्सिजनच्या रेणूत दोन इलेक्ट्रॉन बिनजोडीचे असतात. तो कोळशाच्या छिद्रांत शिरला की तिथल्या एकांड्या इलेक्ट्रॉनांना सतत हिसके देतो आणि संकेत पसरट होतो. कोळसा वायू कसा पोटात घेतो हा जुना विषय आहे. एनसीएलचे पहिले संचालक जेम्स मॅकबेन यांचं १९०९ मधलं गाजलेलं काम कार्बन हायड्रोजन कसा शोषतो यावरच होतं. आज वैद्यकीय संशोधनात या खोडीचाच उपयोग करतात. इंडिया इंक म्हणजे काजळीची शाई. ती ऊतकात थेंबभर टोचायची आणि संकेत किती पसरट आहे यावरून तिथे किती ऑक्सिजन पोचतोय ते बाहेरून मोजायचं. कर्करोगाच्या गाठीतल्या ऑक्सिजनवर रेडिएशनचा परिणाम बराच अवलंबून असतो, म्हणून हे मोजणं महत्त्वाचं.

दुसरा उपयोग पुरातत्त्वात. बिनजोडीचे इलेक्ट्रॉन किती आणि कसे, हे पदार्थ जास्तीत जास्त किती तापला होता यावर ठरत असल्यामुळे, जळालेला दाणा स्वतःच्या भाजणीची नोंद बाळगून असतो. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं केलेल्या उत्खननात ताम्रपाषाण युगातलं जळकं धान्य मिळालं, त्यात जव होते. अशा दाण्यांच्या ईएसआरवरून ते किती आचेवर भाजले गेले हे काढता येतं, हे १९८३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात ब्रिटिश संशोधकांनी दाखवलं. धान्य चुलीवर भाजताना करपलं की घराला आग लागून जळालं, यातला फरक उत्खनन करणाऱ्याला कळू शकतो.

आता ते तिसरं उत्तर.

एकांडे इलेक्ट्रॉन आहेतच, मग ते सगळे एका दिशेला उभे राहिले तर? लोखंडात तेच होतं. तसं झालं तर साखरेतून, प्लास्टिकमधून हलका, न गंजणारा चुंबक मिळेल. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून सेंद्रिय पदार्थ ६०० ते १००० अंशांना भाजून लोहचुंबकीय कार्बन मिळाल्याचे दावे येत राहिले. बहुतेकांची लक्षणं सारखीच. संकेत अगदी बारीक. एका भट्टीतल्या मालात तो मिळतो, पुढच्या भट्टीतल्या मिळत नाही. दुसऱ्या प्रयोगशाळेनं केलं तर आकडा वेगळाच.

इथेही भागाकार कामी येतो. ग्रॅममागे १०^२० स्पिन, सगळेच्या सगळे एका दिशेला आहेत असं समजलं, तरी जास्तीत जास्त चुंबकन, म्हणजे पदार्थात आलेलं चुंबकत्व, येतं ०.९ इएमयू प्रति ग्रॅम (इएमयू हे ते मोजायचं एकक). लोखंडाचं असतं २१८ च्या आसपास. आणि दाव्यांमधले आकडे पुष्कळदा ०.००१ इएमयूच्या घरातले. तेवढं चुंबकन यायला दहा लाखांत पाच भाग लोखंड पुरतं! स्टीलच्या चिमट्यानं नमुना उचलला, लोखंडी खलात कुटला, तरी तेवढं सहज येतं.

पुण्यात तर लोखंड पायाखालीच आहे. मुठेच्या कोरड्या पात्रातल्या वाळूतून चुंबक फिरवून पाहा, काळ्या कणांचा गोंडा त्याला लोंबतो. ते मॅग्नेटाइट, आपल्या काळ्या पाषाणातून झिजून आलेलं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या या दगडात वजनानं दहा टक्क्यांच्या आसपास लोखंड असतं. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा धुळीचा कण सुमारे ३ मायक्रोग्रॅमचा. असे तीन-चार कण ग्रॅमभर कोळशात पडले की दहा लाखांत एक भाग लोखंड झालंच.

पण धुळीपेक्षाही फसवी गोष्ट भट्टीतच घडते, आणि माझ्या मते ती पुरेशी सांगितली जात नाही. मूळ पदार्थात लोखंड असतं, पण अशा रूपात की चुंबकाला कळत नाही. झाडाच्या पेशींत ते प्रथिनांना बांधलेलं, रसायनात क्षाराच्या रूपात, धुळीत तांबड्या गंजाच्या रूपात असतं. हवाबंद भट्टीत कार्बनबरोबर तापलं की कार्बन त्यातला ऑक्सिजन ओढून घेतो. पोलादाच्या कारखान्यात होतं तेच रसायन इथे चिमूटभर होतं : गंजाचं मॅग्नेटाइट, पुढे धातुरूप लोखंड, नाहीतर लोखंडाचं कार्बाइड म्हणजे सिमेंटाइट. त्यामुळे भाजण्याआधी तपासलं तर चुंबकत्व नाही, भाजल्यावर आहे. बघणाऱ्याला वाटतं की उष्णतेनं कार्बनच चुंबक झाला. भरीस भर, लाकडाचं वजन भाजल्यावर पाव-एक तृतीयांश उरतं, लोखंड मात्र सगळं आतच राहतं. साहजिकच त्याचं प्रमाण तिप्पट-चौपट होतं.

२००१ मध्ये 'नेचर'मध्ये एका दाव्यानं खळबळ उडवली होती. सी-६० या फुटबॉलसारख्या कार्बन रेणूंना प्रचंड दाब आणि उष्णता देऊन एकमेकांत विणलं की खोलीच्या तापमानाला चुंबक मिळतो, आणि त्याचं चुंबकत्व साधारण ५०० केल्विनपर्यंत, म्हणजे सव्वादोनशे अंश सेल्सिअसपर्यंत, टिकतं, असं त्यात म्हटलं होतं. हे तापमान ओळखीचं आहे. प्रत्येक लोहचुंबकीय पदार्थाचं एक क्युरी तापमान असतं, त्यापुढे त्याचं चुंबकत्व नाहीसं होतं. लोखंडाचं ७७०, मॅग्नेटाइटचं ५८० आणि सिमेंटाइटचं २१० अंशांच्या जवळपास. पुढच्या तपासण्यांत नमुन्यांमध्ये अपेक्षेपेक्षा जास्त लोखंड आढळलं आणि २००६ मध्ये तो शोधनिबंध मागे घेण्यात आला. मँचेस्टरमध्ये गाइम यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये बाजारात मिळणारं अतिशुद्ध समजलं जाणारं ग्रॅफाइट तपासलं, तर त्यातही मायक्रोमीटर आकाराचे लोखंडी कण दडलेले होते. याच गटानं २०१० मध्ये ग्राफीन २ केल्विनपर्यंत थंड करून पाहिलं होतं. क्षीण समचुंबकत्व मिळालं, लोहचुंबकत्वाचा मागमूस नाही.

सगळे दावे मात्र लोखंडावर ढकलता येत नाहीत. जर्मनीत लाइपत्सिगला २००३ मध्ये ग्रॅफाइटवर प्रोटॉनचा मारा करून चुंबकत्व आल्याचं दाखवलं गेलं. २००७ मध्ये, क्ष-किरणांनी फक्त कार्बनच्याच इलेक्ट्रॉनांना प्रश्न विचारणाऱ्या तंत्रानं, त्या जागी कार्बनचा स्वतःचा चुंबकीय संकेतही सापडला. पृष्ठभागाच्या जवळ आणि अगदी थोडा, पण सापडला. शुद्ध सेंद्रिय लोहचुंबकही आहेत. फक्त भाजलेले नाहीत, रेणू नीट ओळीनं बसलेले स्फटिक आहेत. १९९१ मधला पहिला ०.६ केल्विनच्या खालीच चुंबक होतो. त्याच वर्षीचा सी-६० चा एक क्षार १६ केल्विनपर्यंत.

भट्टीतल्या कार्बनला एवढं का जमत नाही? दोन स्पिननी एकाच दिशेला राहावं यासाठी ते जवळ हवेत आणि त्यांची जागाही नेमकी हवी. षटकोनांच्या जाळीत अणूंचे एकाआड एक असे दोन गट पडतात. एकाच गटातल्या जागांवर बसलेले एकांडे इलेक्ट्रॉन एका दिशेला राहतात, वेगवेगळ्या गटांतले उलट दिशांना. भट्टी बंध वाटेल तिथे तोडते, त्यामुळे दोन्ही गटांत सारखेच एकांडे पडतात आणि हिशेब शून्यावर येतो. उपाय दिसतो तो एकच, रेणू आधीच हवा तसा कातून घ्यायचा. आता सोन्याच्या पृष्ठभागावर ठरवून बनवलेले सेंद्रिय रेणू मांडून दोन-चारशे अंशांवर तापवतात, आणि त्यांतून नेमक्या कडांच्या कार्बनच्या पट्ट्या, त्रिकोण, साखळ्या तयार होतात. स्वित्झर्लंडमधल्या प्रयोगशाळा यात आघाडीवर आहेत. ट्रायअँग्युलीन या त्रिकोणी रेणूत दोन एकांडे इलेक्ट्रॉन एकाच दिशेला उभे असतात, हे भाकीत १९५० च्या दशकातलं. रेणू प्रत्यक्ष हाती आला २०१७ मध्ये, तोही सूक्ष्मदर्शकाच्या टोकानं दोन हायड्रोजन खुडून काढल्यावर. हे सगळं काही केल्विनला, निर्वातात, मोजक्या रेणूंवर चालतं.

बाजारात 'मॅग्नेटिक बायोचार' नावाची पूड मिळते ती वेगळी. तिथे उसाचं चिपाड किंवा नारळाच्या करवंट्या लोखंडाच्या क्षारात भिजवून मगच भाजतात, म्हणजे छिद्रांत मॅग्नेटाइट तयार होतं. रंगारी कारखान्याच्या सांडपाण्यात ती टाकायची, रंग शोषू द्यायचा आणि मग चुंबक लावून सगळी पूड बाहेर ओढून घ्यायची.